घटक ५ : पंडिता रमाबाई — धर्मांतर, वसाहत आणि मराठी भाषा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- पंडिता रमाबाईंच्या जीवनाचा कालक्रम सांगता येईल.
- त्यांच्या धर्मांतरामागील कारणे आणि त्याचे परिणाम स्पष्ट करता येतील.
- केडगाव येथील वसाहतीचे स्वरूप विशद करता येईल.
- त्यांच्या मराठी गद्यात झालेला बदल ओळखता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचा इतिहास वाचताना काही नावे आपल्याला वारंवार भेटतात, तर काही नावे ओझरती येऊन जातात. पंडिता रमाबाईंचे नाव दीर्घकाळ दुसऱ्या प्रकारात मोडत होते. आपल्या काळात त्या देशभर आणि देशाबाहेर प्रसिद्ध होत्या. त्यांच्या निधनानंतर मात्र महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीतून त्या हळूहळू मागे सरल्या. त्यांनी धर्म बदलला, हे त्याचे मोठे कारण. ज्या समाजाने त्यांना सरस्वती म्हणून गौरविले, त्या समाजाला त्यांचे पुढचे आयुष्य आपले वाटेनासे झाले.

म्हणून हे चरित्र वाचताना एक प्रश्न आपण सतत जवळ ठेवावा. एखाद्या व्यक्तीने धर्म बदलला, म्हणजे तिची भाषा आणि तिचे कार्य यांवरचा आपला हक्क आणि आपल्यावरचा तिचा हक्क संपतो काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतः शोधायचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री पुढे दिली आहे.

५.२ रानातले घर, वाटेवरची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे विद्वान होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकण्याचा हा अनुभव त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा नातलग आणि शास्त्रीमंडळी यांचा रोष ओढवला. धर्मसभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. ती त्यांनी शास्त्राधारे मांडली आणि मग गावाचा त्रास टाळण्यासाठी रानात आश्रम बांधून ते राहू लागले.

येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आतिथ्यात आणि विद्यार्थ्यांच्या पोषणात त्यांची मालमत्ता संपली. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला आणि तीर्थाटन सुरू झाले. मंदिरात, घाटावर किंवा झाडाखाली पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर पुढचे गाव गाठायचे, असा त्यांचा जीवनक्रम होता. रमाबाईंना शाळा अशी मिळाली नाही. आईनेच पहाटेच्या वेळी त्यांच्याकडून पाठांतर करून घेतले. किशोरवयातच भागवत त्यांना कंठस्थ होते.

ही विद्या मोठी होती. पण तिने पोट भरण्याचे दुसरे साधन दिले नव्हते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हे कुटुंब उपासमारीत सापडले. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा उरला नव्हता. मोलमजुरीची सवय नाही आणि भीक मागण्याचा संकोच, अशा कोंडीत १८७४ मध्ये वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली आणि पुढे थोरली बहीण कृष्णाबाई. मागे उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. या घटनेची नोंद आपण नीट घ्यावी. हाताला काम न शिकविणारी विद्या माणसाला वाचवीत नाही, हा धडा रमाबाईंनी आयुष्यभर विसरला नाही. केडगावच्या वसाहतीत चक्की, माग आणि छापखाना का होता, याचे उत्तर या दुष्काळात आहे.

५.३ कलकत्ता, सिल्चर आणि पुणे

भावंडांनी हजारो मैलांची पायपीट केली आणि १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतात सहज बोलते, श्लोक रचते, शास्त्रचर्चा करते, हे पाहून तेथील पंडित चकित झाले. त्यांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच शहरात ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. धर्मशास्त्रे एकमेकांशी अनेक बाबतींत विसंगत आहेत, पण स्त्री आणि शूद्र यांना हीन मानण्यात त्यांचे एकमत आहे, असे त्यांना अभ्यासातून दिसू लागले. त्यांची परंपरागत श्रद्धा येथेच ढासळू लागली. ही गोष्ट त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्या कित्येक वर्षे आधीची आहे.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. दोन्हीकडून बहिष्कार ठरलेलाच होता. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, कडेवर दहा महिन्यांचे मूल घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी त्यांचे स्वागत केले. तेथे १८८२ मध्येच त्यांनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला. त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक निघाले. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज त्यांनी आग्रहाने मांडली. स्वतः वैद्यक शिकावे, या हेतूने त्यांनी पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन इंग्लंडला जाण्याचे ठरविले.

५.४ धर्मांतर : दोन आघाड्यांवरचा वाद

१८८३ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडमधील वाँटेज येथे सेंट मेरी भगिनींच्या मठात पोहोचल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा मार्ग बंद झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. परक्या भूमीवरचा हा आघात जबर होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे कोणती कारणे होती? पुण्यात असताना नीलकंठ (नेहेम्या) गोरे यांच्या विचारांचा परिचय त्यांना झाला होता. इंग्लंडमध्ये मठाच्या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. ज्या स्त्रीला आपल्या समाजात दारही उघडत नाही, तिला येथे जवळ घेतले जाते, या दृश्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. लोभाने किंवा भुलवणुकीने त्या ख्रिस्ती झाल्या, असा आरोप तेव्हा झाला. पण प्रतिष्ठा, मानमरातब आणि आप्तमित्र यांतले बहुतेक सारे त्यांनी या एका निर्णयाने गमावले, हे लक्षात घेतले की तो आरोप टिकत नाही. महाराष्ट्रात टीकेचा गदारोळ उठला असता महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, ही बाब वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावी.

आता दुसरी आघाडी पाहा. धर्म बदलल्यावर रमाबाई चर्चच्या आज्ञाधारक झाल्या, असे घडले नाही. त्यांची त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका होती आणि ती त्यांनी लपविली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यात वडीलकीच्या अधिकाराचा आग्रह एकीकडे आहे आणि स्वतःच्या विवेकाचा आग्रह दुसरीकडे. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी या हस्तक्षेपाला ठाम विरोध केला. त्या शाकाहारीच राहिल्या. भगिनींच्या गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असतील, तर आपल्या क्रुसावर संस्कृत का नसावे, असा त्यांचा सवाल होता. धर्म बदलणे म्हणजे देश आणि भाषा बदलणे, हे समीकरण त्यांनी मान्य केले नाही.

५.५ अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. काही आठवड्यांसाठी ठरलेला हा प्रवास दोन वर्षांहून अधिक लांबला. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धती अभ्यासली, देशभर व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे तिने मान्य केले.

जपानमार्गे त्या १८८९ च्या आरंभी मुंबईत परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी 'शारदा सदन' उघडले. पुढील वर्षी ही संस्था पुण्यास हलली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आपण त्यांना आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखतो. १८८९ मध्येच रमाबाई मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीने आपापला आचार पाळावा, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. दार उघडे ठेवणे हे स्वातंत्र्य की आमंत्रण, यावर वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतक सल्लागारांनीही संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाचा विचार करताना दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. पालकांना आणि सल्लागारांना दिलेल्या शब्दाचा भंग झाल्यासारखे वाटले. स्वतःच्या घरात आपला धर्म झाकून जगण्याची सक्ती रमाबाईंना मान्य नव्हती. मात्र वाद चालू असताना विधवा मुलींना दुसरे घर कोणाकडे होते, हा प्रश्न तेव्हाही फार थोड्यांनी विचारला.

५.६ केडगावची वसाहत

एकोणिसाव्या शतकात नवा धर्म स्वीकारलेल्या माणसांनी ओसाड भूमीत नवी वस्ती उभारल्याची उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेतील मॉर्मन पंथीय छळाला कंटाळून १८४७ मध्ये युटातील सॉल्ट लेकच्या रुक्ष खोऱ्यात गेले आणि कालवे खणून त्यांनी तेथे शेती उभी केली. ती वसाहत एका संघटित पंथाची होती. केडगावची वसाहत मात्र एका विधवेने, प्रामुख्याने निराधार मुली आणि स्त्रिया यांच्यासाठी आणि त्यांच्याच श्रमावर उभारली.

देणगीचा प्रवाह कधीतरी आटेल, हे ओळखून रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, लोहमार्गालगत केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. फळबाग लावून संस्थेला स्वतःचे उत्पन्न मिळवून द्यावे, असा मूळ बेत होता. विहिरी खणल्या गेल्या आणि झाडे लावली गेली. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हालांची वार्ता ऐकून त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांच्या आसपास तरुण मुलींना पळविणाऱ्यांचा सुळसुळाट होता. आपल्या बालपणाचा दुष्काळ त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहिला होता. मिळतील तितक्या मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, तेव्हा या साऱ्यांना केडगावच्या मोकळ्या शेतात नेण्यात आले. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने माणसांची वस्ती झाली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी 'मुक्ती' या नावाने तिचे रीतसर उद्घाटन झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

इतक्या लोकांची वस्ती केवळ दयेवर चालत नाही. येथे स्वयंपाक, दळण, शेती, दुग्धालय, विणकाम, शिवण, तेलाची घाणी आणि छापखाना अशी कामे विभागलेली होती. वाट चुकलेल्या किंवा फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' होते. वृद्ध आणि अंध स्त्रियांचीही सोय होती. मनोरमाबाईंनी अंधांना ब्रेल लिपी शिकविली. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुली करीत. ज्यांना जगाने ओझे मानले, त्यांनी येथे हाताला कसब मिळविले.

५.७ रमाबाईंची मराठी

आता आपल्या विषयाशी थेट संबंधित अशा बाजूकडे वळू. रमाबाईंच्या मराठी गद्याचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक एका पंडितेचे आहे. त्यातील भाषा संस्कृतप्रचुर असून वाक्ये उपदेशपर आहेत. कानडी मुलखात जन्मलेल्या आणि पुराणांवर वाढलेल्या लेखिकेजवळ घरातली मराठी आणि ग्रंथातली संस्कृत होती. मधली लेखी मराठी तिला स्वतः घडवावी लागली.

दुसरा टप्पा १८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथाचा. येथे शासनव्यवस्था, शिक्षण, घरदार आणि स्त्रियांच्या संघटना यांचे वर्णन आहे. न पाहिलेली वस्तू वाचकाला दिसावी, यासाठी लेखिका तपशील निवडते आणि तुलना करते. उपदेशाची जागा निरीक्षणाने घेतल्यामुळे वाक्य मोकळे झाले आहे.

तिसरा टप्पा बायबलच्या भाषांतराचा. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, असे त्यांना रोजच्या अनुभवाने दिसले. केडगावात गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या मुलीही होत्या. मराठी ही त्यांची शिकलेली भाषा होती. मूळ ग्रंथापासून भाषांतर करावे, यासाठी रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासल्या. सुमारे १९०५ पासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत हे काम चालले. ज्या लेखणीने एके काळी संस्कृत श्लोक रचले, तिने आता अवघड शब्द जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. सोपे लिहिणे हे विद्वत्तेच्या अलीकडचे टोक आहे, असा आपला समज असतो. येथे ते पलीकडचे टोक आहे.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने याचे महत्त्व असे : कोणतेही लेखन 'मराठी'त असते म्हणजे नेमके कोणाच्या मराठीत असते, हा प्रश्न रमाबाईंनी कृतीतून विचारला. आपणही तो विचारू शकता. उमरखेड तालुक्यात, ढाणकीसारख्या गावी राहून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर घरी वऱ्हाडी बोली पडते, शेजारच्या तांड्यावर गोरमाटी पडते आणि हातात हे प्रमाणभाषेतील पुस्तक असते. एकाच दिवसात तीन भाषारूपांतून ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला रमाबाईंची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

५.८ अखेर आणि मूल्यमापन

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी कन्या आणि सहकारी मनोरमाबाई यांचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्याकडे सोपवायची, तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. भाषांतर त्यांनी पूर्ण केले होते. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

त्यांच्या कार्यावर मतभेद होते आणि आहेत. केडगावात पुढील काळात ख्रिस्ती धर्मजीवन केंद्रस्थानी आले आणि दुष्काळातून वाचलेल्या मुली त्याच वातावरणात वाढल्या. या बाबीची चिकित्सा करण्याचा अधिकार अभ्यासकाला आहे. पण चिकित्सा वेगळी आणि विस्मरण वेगळे. स्त्री-शिक्षण, प्रवासलेखन आणि भाषांतर या तिन्ही क्षेत्रांचा मराठी इतिहास रमाबाईंना वगळून लिहिला, तर त्यात उणीव राहते, आणि ती उणीव रमाबाईंची नसते.

आपल्यापैकी अनेकजणी विवाहानंतर, मुले मोठी झाल्यावर किंवा नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहेत. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, संस्थेच्या कारभारातून वेळ काढून दोन प्राचीन भाषा शिकणारी ही विद्यार्थिनी आपल्या वर्गातलीच आहे.

आपली प्रगती तपासा

१. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळाचा रमाबाईंच्या शिक्षणविषयक विचारावर कोणता परिणाम झाला, ते केडगावच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. रमाबाईंनी हिंदू समाजातील आणि चर्चमधील अधिकाराला कोणत्या मुद्द्यांवर विरोध केला? दोन्हींतील साम्य सांगा.
३. शारदा सदनाच्या वादात पालकांची बाजू एका परिच्छेदात आणि रमाबाईंची बाजू दुसऱ्या परिच्छेदात लिहा. तिसऱ्या परिच्छेदात आपले मत मांडा.
४. उपक्रम : वर्तमानपत्रातील अग्रलेखाचा एक परिच्छेद निवडा. शाळेत न गेलेल्या घरातील ज्येष्ठ स्त्रीला तो वाचून दाखवा. जे शब्द तिला अडले, त्यांची यादी करा. मग तोच परिच्छेद, अर्थ न गमावता, तिला कळेल अशा मराठीत पुन्हा लिहा. कोणता शब्द बदलणे सर्वांत कठीण गेले आणि का, हे चार ओळींत नोंदवा.